वरोरच्या चढणीवर स्प्रिंगेची मोहीम

श्री दर्या साक्ष असे.

शालिवाहन शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मासी, वरोर बंदरी हिरीबाईंची बिनघोड्याची गाडी चढणीवर अडली आणि मग चढली, ते प्रकरणी मुलुखात नाना वार्ता उठल्या. डहाणू रोडच्या रिक्षातळावर कोणी म्हणतो की पेट्रोलात पाणी होते, चिंचणीच्या बाजारी कोणी म्हणतो की गाडीस दृष्ट लागली होती, आणि आशागडच्या चहाच्या टपरीवर तो एका इसमाने ऐसेही ठोकून दिले की गाडी चढलीच नाही, मागून बारा माणसांनी ढकलली. हे सर्व गैरवाका. सबब ज्यांनी डोळां पाहिले त्यांसी पुसोन, जेथे दोघांची जबानी जुळली तेवढेच घेऊन, आणि जेथे जुळली नाही तेथे खुद्द हिरीबाईंस विचारून हा मजकूर लिहिला असे.

तो प्रथम हिरीबाई कोण, हे सांगणे प्राप्त. हिरीबाई म्हणजे वरोरच्या मासळी लिलावाच्या खाशा अधिकारी, टोपलीमंडित, दर्याकिनारा-मशहूर, वयाने त्रेसष्ट. पस्तीस वर्षे शिरस्ता ऐसा की होड्या किनारी लागाव्या, मासळीचे ढीग पडावे, व्यापारी भोवती जमावे, आणि मग हिरीबाईंनी कमरेस पदर खोचून पहिली बोली पुकारावी. तो आवाज ऐसा की सुरूच्या बनातले कावळे उठावे आणि व्यापाऱ्याने मनात योजिलेला हलका भाव मनातच ठेवावा. परंतु मागील दोन वर्षांत हिरीबाईंचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. बंदर खाली आणि वस्ती वर, मध्ये बंधाऱ्याची चढण, लांबी साठ पावले, दगड-सिमेंटाची, आणि माथ्याशी सुरूच्या झाडाजवळ ऐसे कठीण वळण की भरली हातगाडी तेथे मागून दोन माणसे मागते. डॉक्टरांनी कागदावर लेखी हुकूम दिला की चढउतार दरोबस्त मना. मग हिरीबाई घरी ओटीवर बसल्या आणि लिलावाची जोखीम सूनबाई संगिता यांजवर आली.

संगिता कामास वाघीण. बोंबील वाळत घालण्यात तिची बरोबरी करील ऐसी बाई किनाऱ्यावर नाही. परंतु आवाज कोवळा. व्यापारी चार बाजूंनी ओरडो लागले की तिचा आवाज त्यात बुडावा, मग बोली तुटावी, आणि ती घरी येऊन भांडी घासू लागावी. ओटीवरून हिरीबाईंस खालचा गलका ऐकू येई, आपला आवाज त्यात नाही हेही ऐकू येई, आणि त्या खांबास धरून उभ्या राहत, मग पुन्हा बसत. ऐसे दोन वर्षे चालले.

हे पाहून चिरंजीव भीमा, होडीचे तांडेल, यांनी मसलत केली. तलासरीकडील एक रिसॉर्ट टाळे लागून बंद पडले होते, तेथे गोल्फची एक गाडी विक्रीस होती. गोल्फची गाडी म्हणजे साहेबलोक गवतावर चेंडू मारीत फिरतात ती, चार लहान चाकांची, वर छत्र, पुढे दोन माणसांची बैठक, मागे सामानाचा हौदा, पेट्रोलवर चालणारी. भीमाने मनी आणिले की आईस या सिंहासनी बसवून खाली न्यावे आणि लिलाव आटोपता वर आणावे. परंतु घेण्यापूर्वी जाणत्याची नजर फिरवावी म्हणोन त्यांनी आशागडास निरोप धाडिला.

आशागडच्या नाक्यावर लाहू यांची दुचाकी दुरुस्तीची टपरी. हे मूळचे रानशेतचे, पाना-पकड-बहाद्दर, स्कूटरचे धन्वंतरी, वय चव्वेचाळीस, बोलणे मोजके. हिरीबाई पूर्वी सुकी मासळी घेऊन रानशेतच्या बाजारी जात तेव्हा दुपारची भाकर लाहूच्या मातोश्री शुक्री यांच्या अंगणी खात, त्यामुळे लाहू त्यांस मावशी म्हणत आणि त्या लाहूस, टपरीवर गिऱ्हाईक असो नसो, अरे-तुरे करीत. लाहूने गाडी सुरू करून पाहिली, इंजिनास कान लाविला, धूर पाहिला, सपाट रस्त्यावर दोन फेऱ्या मारिल्या, आणि मग हिरीबाईंस शब्द दिला.

"इंजिन चोख आहे, मावशी. डोळे मिटून घ्या."

या दोन वाक्यांच्या शब्दावर गाडी वरोरास आली. परंतु लाहूने गाडी चढणीवर घालून पाहिली नव्हती. थोर थोर सरदार ऐशाच एका गोष्टीस चुकले आहेत.

कार्तिक पौर्णिमेचे उधाण होते, होड्या भरून आल्या, आणि हिरीबाईंची स्वारी नवे लुगडे नेसून प्रथमच गाडीतून खाली उतरली. उतरणीस गाडी ऐसी निघाली जैसी नवरी माहेरी. बंदरावर बायांनी टाळ्या पिटिल्या, बोली चढली, आणि संगिता सासूच्या मागे उभी राहून दोन वर्षांत प्रथम हसली. मग परतण्याची वेळ आली. गाडी चढणीस लागली, दहा पावले गेली, वीस गेली, आणि इंजिनाचा आवाज जड जड होत खाली बसला, जैसा कोणी थकलेला मनुष्य उशीत तोंड घालून बोलतो, आणि गाडी जागीच थांबली. भीमाने पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. ढकलावी तर वाटेस शेवाळ, पाय ठरेना. शेवटी गावच्या चौघांनी चहाच्या टपरीतून प्लास्टिकची खुर्ची आणिली, हिरीबाईंस तीवर बसविले, आणि सर्व गावासमक्ष, व्यापाऱ्यांसमक्ष, शाळेतून सुटलेल्या पोरांसमक्ष उचलून वर नेले. खुर्चीचा एक पाय वाकत होता. हिरीबाईंनी वाटभर नजर माथ्याच्या सुरूच्या झाडावर ठेविली.

ओटीवर पोचता त्यांनी भीमास समोर उभे केले.

"या चढणीवर मी डोक्यावर टोपली घेऊन चढले. तू पोटात होतास तेव्हाही चढले. आज मला टोपलीसारखी उचलून आणली." मग म्हणाल्या, "अमावास्येच्या उधाणाला गाडी मला घेऊन चढली तर चढली. नाहीतर मी परत खाली जाणार नाही. आणि ती गाडीही दारात नको."

हे वर्तमान त्याच दिवशी फोनवरून आशागडास पोचले. लाहू एका स्कूटरचा ब्रेक आवळीत होते. त्यांनी पाना खाली ठेविला आणि बराच वेळ उचलिला नाही. लाहूच्या मनी गाडी नव्हतीच, ती वाकत्या पायाची खुर्ची होती, आणि आपण बोललो तो शब्द होता.

मग मोहीम मांडिली. पौर्णिमेपासून अमावास्येपर्यंत पंधरा दिवस, त्यांत मधले भांगाचे, म्हणजे दर्यास जोर नसतो आणि होड्या बहुतकरून किनारी असतात. तितकाच अवकाश. लाहूने टपरीस कुलूप घातले, हत्यारांची पेटी मोटारसायकलीस बांधिली आणि वरोरास कूच केले.

पहिला हल्ला इंजिनावर जाहला. शिरस्ताच तो, की चढेना म्हणजे दम नाही, आणि दम नाही म्हणजे इंजिन. लाहूने कार्बोरेटर उतरविला, धुतला, प्लग घासला, हवेचा फिल्टर झटकिला, त्यातून रिसॉर्टच्या बागेतले वाळके गवत आणि एक मेलेला सरडा बरामद जाहला. सरड्यावर सर्वांचा संशय बैसला. भीमा म्हणाला की हाच तो. मग गाडी बसविली, चढणीस लाविली, आणि पहिल्याहून पाच पावले पुढे जाऊन ती त्याच रीतीने उशीत तोंड घालून बसली. सरडा निर्दोष होता.

दुसरे दिवशी लाहूने मसलत बदलली. शत्रू कोठे आहे हे न पाहता तलवार फिरविणे व्यर्थ, म्हणोन त्यांनी मागच्या हौद्याखालचे झाकण काढिले, स्वतः चढणीवर बाजूस पोटावर आडवे जाहले, गाल शेवाळास लाविला, आणि भीमास हुकूम केला की गाडी अगदी सावकाश माझ्या डोळ्यांसमोरून चढव. गावची मंडळी बंधाऱ्यावर जमली. कोणी म्हणाला, स्कूटरवाला गाडीच्या पाया पडतोय. लाहूने ऐकिले आणि मान हलविली नाही. त्यांची नजर पट्ट्यावर होती.

येथे वाचकांस इतकेच ध्यानी धरावे लागेल. या गाडीस गिअर नसतात. एक पुली इंजिनापाशी, दुसरी मागे चाकांच्या बाजूस, आणि दोहींवर एक रबरी पट्टा. मागची पुली म्हणजे दोन थाळ्या समोरासमोर, आणि एक दांडगी स्प्रिंग त्यांस आवळून धरिते. आवळ चांगला असला तर चढणीस पट्टा थाळ्यांच्या काठाशी राहतो आणि गाडीस जोर येतो. आवळ ढिला असला तर पट्टा थाळ्यांच्या मध्ये खोल बुडतो, मग गाडी सपाटीस पळते खरी, परंतु चढणीस तिचा जोर मरतो. स्कूटरीत हीच विद्या, फक्त लहान. लाहूने डोळां पाहिले की चढणीवर पट्टा खोल बुडाला आहे आणि वर येण्याचे नाव घेत नाही. इंजिन बिचारे लढत होते. मागची पुलीच गनिमास सामील होती.

लाहू उठले, तोंडास चिखल, कपाळास शेवाळ, आणि चेहरा ऐसा प्रसन्न की संगिताने विचारले, "दादा, लागलं का कुठं?"

"लागलं," लाहू म्हणाले. "सापडलं."

परंतु सापडणे वेगळे आणि सर करणे वेगळे. ही पुली खोलावी कैसी, स्प्रिंग किती आवळावी, हे लाहूस ठाऊक नव्हते, आणि अंदाजाने हात घालून गाडी मोडिली तर अमावास्या कोणासाठी थांबत नाही. सबब ते तलासरीस रवाना जाहले. तेथे हार्दिक नामे एक गृहस्थ, जे रिसॉर्ट चालू असता तेथील गाड्यांची निगा राखीत आणि आता हायवेलगत सुट्या भागांच्या दुकानी बसत. हार्दिकभाईंनी चहा मागविला, गाडीचे नाव ऐकोन कपाळास हात लाविला, आणि जो कबुलीजबाब दिला तो जसाच्या तसा लिहितो.

"लाहूभाई, ए तो मीच केलेलं. रिसॉर्टमध्ये सगळं लॉन सपाट. शेठ बोलायचे, गेस्टला इंजिनचा आवाज नाय पाहिजे. म्हणून मी स्प्रिंग एक नंबरच्या भोकात टाकली. एकदम ढीली. गाडी शांत चालायची, जशी वरात. तुम्हाला डुंगर चढायचा छे तर एक नंबर नाय चालणार."

"भोकं किती आहेत?"

"चार. तुम्ही तीन नंबरमध्ये नाखा. चार नको, चारमध्ये गाडी रडते. पण संभाळजो." ऐसे म्हणोन हार्दिकभाईंनी वरचा ओठ उचलिला आणि पुढल्या दातांतली एक रिकामी जागा दाखविली. "आ दात हिनेच घेतला. वरचं झाकण दाबून धरायचं, तसंच दाबून फिरवायचं, आणि दुसऱ्याने वरून लॉक बसवायचं. दोन माणसाचं काम छे. दाबणाऱ्याचा हात सटकला तर स्प्रिंग कोणाची नाय."

भोके म्हणजे पुलीच्या झाकणातली, स्प्रिंगेचे टोक अडकविण्याची, नंबर जितका मोठा तितकी स्प्रिंग घट्ट; आणि लॉक म्हणजे पोलादी तारेचे एक कडे, जे त्या झाकणास जागी धरिते. हार्दिकभाईंनी तैसी दोन नवी कडी कागदात बांधून दिली, कारण जुने कडे उडणार याविषयी त्यांस खात्री होती.

ती खात्री खरी जाहली. दशमीस जाळी विणायच्या मांडवात गाडी उभी केली, पट्टा उतरविला, मागची पुली काढून भुईवर पोत्यावर ठेविली, आणि भीमाने झाकण दाबिले आणि लाहूने पकडीने कडे काढिले. तो स्प्रिंगेने ऐसा उठाव केला की भीमा मागे जाळ्यात पडला, झाकण मांडवाच्या पत्र्यावर आदळले, आणि कडे जे उडाले ते वाळत घातलेल्या बोंबिलांच्या दिशेस जाताना दिसले आणि आजतागायत बेपत्ता आहे. संगिताने त्या दिवशीचे सर्व बोंबील दोनदा चाळिले. ते कडे कोणाच्या कालवणात निघाले असल्यास त्याने कळवावे.

मग खरी लढाई. स्प्रिंगेचे टोक तिसऱ्या भोकात घालावे, झाकण छातीच्या जोराने दाबावे, आणि दाबलेले असताच एक तृतीयांश फेरा फिरवावे, तेव्हा लाहूने कडे खाचेत बसवावे, हा बेत. भीमाचे दंड म्हणजे वल्ह्याचे दंड, परंतु पुली भुईवर आणि तो उकिडवा, त्यामुळे दाबले तर फिरेना आणि फिरविले तर दाब सुटावा. एकदा सुटले, दोनदा सुटले, तिसऱ्या वेळी लाहूच्या अंगठ्याचे साल गेले. शेवटी दुपारी दोघांनी स्प्रिंगेशी तह केला आणि तिला दुसऱ्या भोकात बसविले. लाहूस तो तह मनातून मान्य नव्हता, परंतु अंगठा रक्ताळला होता.

गाडी चढणीस लाविली. वीस पावले, तीस, चाळीस. बंधाऱ्यावरची मंडळी उठून उभी राहिली. पन्नास. मग सुरूच्या झाडाजवळचे ते वळण आले, इंजिन घुमले, जड जाहले, आणि माथा सहा हात राहिला असता गाडी थांबली. भीमाने ब्रेकवर पाय रोवून ती मागे मागे खाली आणिली. कोणी हसले नाही. हसले असते तर लाहूस बरे वाटले असते.

"लाहूदादा, जाऊ दे," भीमा म्हणाला. "तू केलंस तेवढं पुष्कळ. विकून टाकू."

लाहू रॉकेलने हात पुसत बसले, स्वच्छ जाहले तरी पुसत राहिले. तेव्हा संगिता चहा घेऊन आली आणि कप त्यांच्यापुढे ठेवून तेथेच उभी राहिली.

"दादा, अमावास्येला मला परत उभं करतील," ती हळू म्हणाली. "मला ओरडता येत नाही आणि आईंना गप्प बसता येत नाही. दोन वर्षं घरात आम्ही दोघी चुकीच्या जागेवर बसलोय."

तो चहा लाहूने प्याला आणि पुली पुन्हा काढून मांडवात ठेविली. परंतु भीमास पुढले चार दिवस दर्यात जाणे प्राप्त होते, आणि लाहू एकटे, आणि दोन माणसांचे काम एकास होत नाही. शेजारच्या दोघांनी हात लावून पाहिला. एकास जोर होता तर धीर नव्हता, दुसरा स्प्रिंगेकडे पाहूनच डोळे मिटी. ऐसे करता करता चतुर्दशी उजाडली.

चतुर्दशीस सकाळी हिरीबाई काठी टेकीत मांडवात आल्या. त्या पंधरा दिवसांत त्यांनी गाडीकडे पाहिले नव्हते. लाहू भुईवर बसून एका गुडघ्याने झाकण दाबू पाहत होते. हिरीबाईंनी काठी झाकणाकडे रोखिली.

"काय करतोस ते सांग."

लाहूने सांगितले, की मावशी, हे दाबायचे, दाबून इकडे फिरवायचे, आणि मग मी वरून कडे बसवितो.

"बरणीचं झाकणच ना?"

"झाकणच. पण आतून ढकलतं."

"मग ते खाली का ठेवलंय? माझे गुडघे वाकत नाहीत. वर आण."

लाहू म्हणाले की मावशी, हे तुमचे काम नव्हे, हात सटकला तर दात जाईल. त्यावर हुकूम जाहला की दात चारच उरले आहेत, त्यांची काळजी तू करू नये, आणि ते निळे पिंप उलटे करून आण.

येणेप्रमाणे पाणी साठवायचे निळे पिंप उलटे घातले, त्यावर गोणपाट, गोणपाटावर पुली, ती दोरखंडाने पिंपास जखडली, आणि हिरीबाई पुढे होऊन उभ्या राहिल्या. पुली त्यांच्या कमरेशी आली. तेव्हा लाहूच्या ध्यानी आले की आपण सर्व मर्द पाच दिवस उकिडवे बसून केवळ मनगटाने झुंजत होतो. येथे उभे राहून दाबिले तर खांद्यापासून सर्व देहाचा भार उतरतो, आणि मनगटे फिरविण्यास मोकळी राहतात. ही युक्ती कोणा शहाण्याने काढिली नाही, ती न वाकणाऱ्या गुडघ्यांनी काढिली.

आणि ती मनगटे. पस्तीस वर्षे ओले दोर पिळणारी, खडकावरची कालवे फोडणारी, भरली टोपली एका झटक्यात डोक्यावर घेणारी. हिरीबाईंनी पदर खोचला, तळवे झाकणावर ठेविले, आणि काठी संगिताकडे दिली. लाहूने स्प्रिंगेचे टोक तिसऱ्या भोकात घातले, कडे पकडीत धरिले, आणि श्वास रोखिला.

हिरीबाई झुकल्या. झाकण खाली गेले. मग त्यांनी ते फिरविले, घाई न करता, तोंडाने हलकेच काही मोजीत, जैसे लिलावात व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहून थांबावे आणि तो हलला की पुढे जावे. स्प्रिंग कण्हली. अर्धे अंतर, मग आणखी. त्यांच्या मानेवर शीर उभी राहिली. खाच समोर आली.

"घाल," त्या दातांतून म्हणाल्या.

लाहूने कडे दाबिले. एक बाजू बसली, दुसरी निसटली. हिरीबाई हलल्या नाहीत. लाहूने पुन्हा दाबिले आणि कडे टक् करून खाचेत बसले. दोघांनी हात तसेच ठेविले, कोणाचा विश्वास बसेना. मग हिरीबाईंनी एक एक बोट उचलिले. झाकण जागीच राहिले.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारले आणि पिंपाच्या काठावर टेकल्या, आणि संगिताने पाहिले की त्यांच्या तळव्यांवर झाकणाचे वळ उठले आहेत आणि त्या ते पदरात लपवीत आहेत.

लाहूने विनंती केली की आज संध्याकाळी वाळूच्या गोण्या घालून परीक्षा घेऊ. हिरीबाईंनी ती फेटाळिली. हुकूम जाहला की वाळू लिलाव करीत नाही, सबब उद्या मी स्वतः बसेन, जाईन तर लिलावास जाईन. लाहूस त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

अमावास्येस दोन प्रहरी भरती आली, होड्या लागल्या, भीमा परतला. हिरीबाईंची स्वारी खाली उतरली, चालक संगिता, कारण भीमाचे पाय चिखलात होते. मग बंदरी जो लिलाव जाहला त्याचे वर्णन वरोरात अजून करितात. हिरीबाईंनी गाडीतच उभे राहून, छत्राचा खांब धरून पहिली बोली पुकारिली, आणि व्यापारी जे दोन वर्षे चार बाजूंनी ओरडत होते ते एका बाजूस आले. एकाने फार हलका आकडा टाकिला, त्याजकडे हिरीबाईंनी केवळ पाहिले, आणि त्याने तो स्वतःच मागे घेतला. तमाम किनारा या आनंदात मग्न. लाहू मात्र चढणीच्या पायथ्याशी एक धोंडा हाती घेऊन उभे होते, की गाडी मागे सरकली तर चाकाखाली घालावा, आणि त्यांस लिलावातील एक अक्षर ऐकू आले नाही. त्यांस दिसत होती ती चहाच्या टपरीतली प्लास्टिकची खुर्ची. टपरीवाल्याने तिच्यावरचे सामान उचलून ती मोकळी करून ठेविली होती. वाईट हेतूने नव्हे, उपयोगी पडेल म्हणोन.

लिलाव उरकला. हौद्यात दोन टोपल्या चढविल्या. हिरीबाई बैठकीवर बसल्या आणि संगितास म्हणाल्या, "सरक, मी चालवते."

संगिताने सासूकडे पाहिले, मग लाहूकडे पाहिले, आणि सरकली.

गाडी चढणीस लागली. लाहू धोंडा घेऊन मागून चालू लागले. वीस पावले गेली, आणि आवाज खाली बसला नाही. तीस. चाळीस. पन्नास. दोन्ही बाजूंस मंडळी. मग सुरूच्या झाडाचे वळण आले, चाके तिरपी जाहली, इंजिन घुमले, जड जाहले, आणि लाहू धोंडा घेऊन वाकले. तेव्हा त्यांनी ऐकिले. आवाज जो खाली जात होता तो थबकला, आणि मग चढला, एक पायरी, दुसरी पायरी, जैसा गाणारा चुकलेला सूर धरून वर नेतो. आत, झाकणाखाली, जेथे कोणास दिसत नव्हते तेथे, स्प्रिंगेने थाळ्या आवळिल्या होत्या आणि पट्टा काठाशी येत होता. हे सर्व किनाऱ्यावर एका मनुष्यास कळले. बाकीच्यांस इतकेच दिसले की गाडी थांबली नाही.

सहा हात. तीन हात. पुढली चाके माथ्यावर आली, मग मागली आली, आणि गाडी वस्तीच्या सपाट रस्त्यावर उभी राहिली. खाली बायांनी गलका केला, भीमा चिखलातून धावत आला. हिरीबाईंनी ब्रेक दाबिला आणि पदराने तोंड पुसले. डोळे पुसले की घाम पुसला याविषयी जबान्या जुळत नाहीत, आणि हिरीबाईंस विचारता त्या म्हणाल्या की घाम.

मग त्यांनी मागे वळून पाहिले.

"लाहू, तो धोंडा टाक आता."

लाहूने हाताकडे पाहिले. धोंडा अद्याप हातीच होता. त्यांनी तो वाटेच्या कडेस ठेविला, आणि मग स्वतःही तेथेच बसले.

त्यानंतर स्वारी घरी गेली नाही. हिरीबाईंनी गाडी वळविली, खाली नेली, आणि ज्या ज्या बायांच्या टोपल्या जड होत्या त्यांस पाळीने बसवून वर आणिले. अस्तमानापूर्वी नऊ वेळा चढण चढली. नवव्या वेळी चालक संगिता होती, आणि वळणावर एक मोटारसायकलवाला आडवा आला त्यास तिने ऐसा आवाज दिला की तो सुरूच्या झाडास टेकला. हिरीबाई सुनेकडे पाहून बहुत संतोष पावल्या.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक अमावास्येस, तिसऱ्या प्रहरी, वरोर बंदराची साठ पावलांची चढण सर जाहली. जखमी एक, लाहू यांचा अंगठा. बेपत्ता एक, जुने कडे. कैद केलेला कोणी नाही, सरडा निर्दोष ठरविला. खाशांकडून लाहू यांस पापलेटांची एक जोडी आणि मांडवात कायमचे बसण्यास एक स्टूल बहाल जाहले. स्प्रिंग तिसऱ्या भोकात आहे. हिरीबाईंचा हुकूम की तीस कोणी हात लावू नये, आणि ज्यास लावणे असेल त्याने प्रथम त्यांच्याशी मनगट लावून पाहावे. जाणिजे.